फिट किती वाजता सुरू झाली?

तालुक्याच्या गावांहून आमच्याकडे येणाऱ्या रेफर चिठ्ठ्यांचा एक ठरलेला साचा आहे. नाव, वय, बीपी, साखर, दिलेली इंजेक्शनं आणि खाली ‘पुढील उपचारासाठी रवाना’. फिटच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा नसते. फिट किती वाजता सुरू झाली, ते कुणी लिहीत नाही.

मी सोलापुरात मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, शिवाय हद्दीपलीकडून इंडी आणि आळंद, असा आमच्या रुग्णांचा पट्टा. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर आत आलं की नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न वेळेचा असतो आणि पहिलं उत्तरही ठरलेलं असतं: “लई येळ झाला की ओ.” मग उलटतपासणी सुरू होते. दूध घालून आलात तेव्हा सुरू झाली होती का? कारखान्याचा भोंगा झाला होता? मुक्कामाची एसटी सुटली होती? माणसाला घड्याळ आठवत नाही, पण एसटी आठवते. तिथून मागे मोजत यायचं. तोवर सिस्टरनी ऑक्सिजन लावलेला असतो, व्हेनफ्लॉन टाकलेला असतो, साखर तपासलेली असते. तरी नवे निवासी डॉक्टर मनातून वैतागतात. रुग्ण झटके देतोय आणि सर एसटीचं वेळापत्रक विचारतायत. त्यांचं वैतागणं मला समजतं. पण हातातल्या औषधाला अजून काही करता येणार आहे का, हे त्या वेळेवरूनच ठरतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात, तशा एकमेकींना शांतही करतात. शांत करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. एका पेशीतून गाबा सुटतो आणि शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर असलेल्या रिसेप्टरला चिकटतो. हा रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिनांचं एक कडं, मधोमध बारीक छिद्र. गाबा चिकटला की छिद्र उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी निवते. काम्पोज (म्हणजेच डायझेपाम), लोराझेपाम, मिडाझोलाम ही फिट थांबवण्याची सगळी नावाजलेली औषधं याच रिसेप्टरवर काम करतात. त्यांच्यात स्वतःची अशी ताकद फारशी नाही. गाबा आलेला असताना ते छिद्र अधिक वेळा उघडावं, एवढंच ती घडवून आणतात. म्हणजे औषधाला दोन गोष्टी लागतात. गाबा हवा आणि रिसेप्टर हवा. तो रिसेप्टरही पेशीच्या बाहेरच्या अंगाला हवा.

फिट लांबली की नेमकं तेच बिघडतं. सतत चेतलेली पेशी हे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेऊ लागते. वॉर्डातल्या सिस्टरांना समजावताना मी म्हणतो, गल्लीत दंगा पेटला की दुकानदार शटर ओढून घेतात, मग तुम्ही पिशवी घेऊन गेलात, खिशात पैसे असले, तरी सामान कुठून मिळणार? रिसेप्टर नष्ट झालेले नसतात. आत असतात, पण औषधाला सापडत नाहीत.

अमेरिकेतल्या जयदीप कपूर आणि रॉबर्ट मॅकडोनाल्ड यांनी १९९७ साली उंदरांवर हे दाखवलं. फिट सुरू होऊन १० मिनिटं झाली असताना जे डायझेपाम लागू पडत होतं, त्याचाच असर ४५ मिनिटांनी पार उतरला होता. कितीतरी पट डोस दिला तेव्हा कुठे काही फरक. २००५ साली लॉस एंजेलिसच्या क्लॉड वास्टरलाइन यांच्या गटाने तर मोजदादच केली. दोन पेशींमधल्या एका जोडावर काम करणारे सरासरी ३६ रिसेप्टर तासाभराच्या फिटनंतर १८ वर आले होते. त्याच वेळी पेशीला चेतवणारे एनएमडीए जातीचे रिसेप्टर आतून वर येऊन जोडावर गर्दी करतात. शांत करणारे आत आणि चेतवणारे बाहेर, अशी फिरवाफिरव पेशी स्वतःच करते. म्हणूनच लांबलेली फिट आपण होऊन थांबायचं नाव घेत नाही.

फिटच्या आजारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये लांबलेल्या फिटची व्याख्या बदलली, ती या अशा अभ्यासांच्या वाटेने. पूर्वी अर्धा तास चाललेल्या फिटला ‘स्टेटस’ म्हणत. आता सर्वांगाला झटके देणारी फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली की उपचार सुरू करायचे आणि ३० मिनिटांच्या पुढे मेंदूला कायमची इजा होऊ शकते असं धरून चालायचं.

आता या पाच मिनिटांत आपल्याकडे काय होतं, ते पाहा. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. मी या प्रकारांवर रागावणं आता सोडून दिलं आहे, कारण कांद्यावरचा लोकांचा विश्वास अनुभवातून आलेला आहे. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकाला लावेपर्यंत तेवढा वेळ जातोच. फिट थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. दहातल्या नऊ वेळा कांदा यशस्वी ठरला तर दहाव्या वेळी माणूस दुसरा कांदा फोडणार, तिसरी चप्पल आणणार. तो दहावा रुग्ण माझ्याकडे येतो.

ऊसतोडीच्या हंगामातल्या एका बाईची हकिकत सांगतो. बीडकडची टोळी, पंढरपूरच्या बाजूला उतरलेली. बाई पंचविशीच्या आतबाहेरची, नवऱ्याबरोबर एका कोयत्यावर. लहानपणापासून फिटचा आजार, गावाकडच्या सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या फेनोबार्बिटोनच्या गोळ्यांवर ठीक चाललेलं. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा जवळ होत्या तेवढ्या गोळ्या घेतल्या. संक्रांतीच्या सुमाराला त्या संपल्या. दवाखाना दीडदोनशे किलोमीटर मागे, मुकादमाला सांगायची लाज, आणि गोळी नसतानाही आठवडाभर काही झालं नाही, म्हणून धीर आला होता.

हे धीर येणंच घातक असतं. फेनोबार्बिटोनही गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतं. वर्षानुवर्षं औषधाच्या आधाराने चाललेला रिसेप्टर त्या आधाराला सरावलेला असतो. हे औषध शरीरातून सावकाश उतरतं, त्यामुळे आधार निघून गेल्याचं कळायलाही काही दिवस जातात. तिला पहाटे फडातच फिट आली. बायकांना वाटलं अंगात आलं. मग कांदा, मग किल्ल्या, मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या गावात. तिथल्या एका दवाखान्यात कमरेत काम्पोज दिलं आणि पुढे पाठवलं. कमरेत दिलेलं काम्पोज स्नायूतून रक्तात फार हळू आणि बेभरवशाने चढतं. ते शिरेतून द्यायचं औषध आहे. १०८ मिळाली, आमच्यापर्यंत आली, तोवर सूर्य चांगला वर आला होता. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “पयली गाडी भरायच्या आधी सुरू झालती, सायब.”

आम्ही लोराझेपाम दिलं. काही झालं नाही. पुन्हा दिलं. मग लेव्हेटिरासिटाम. ते गाबाच्या वाटेने जातच नाही, पेशीतल्या रसायनांच्या पुड्यांवरच्या एसव्ही२ए नावाच्या प्रथिनाला धरतं. तेही थकलं. शेवटी व्हेंटिलेटर, भूल आणि आयसीयू. बाई वाचली. चालत घरी गेली. पुढच्या हंगामात ती दोघं भेटायला आली तेव्हा नवरा म्हणाला, पूर्वी उचलीचा आणि टनांचा सगळा हिशेब हिच्या डोक्यात असायचा, आता मुकादम सांगेल तो खरा.

कपूर यांनीच पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचं नेतृत्व केलं, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. पहिल्या फळीच्या औषधाला न जुमानलेल्या फिटवर लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटोइन आणि व्हाल्प्रोएट यांची तुलना होती. तिन्ही जवळपास सारखी निघाली: ४७, ४५ आणि ४६ टक्के. म्हणजे पहिला मोका हुकला की पुढचं कुठलंही औषध घ्या, निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते अपुरं पडणार. आमच्या बैठकांत कुठलं औषध सरस यावर तासन्‌तास वाद चालतात. मला त्यात आता रस उरलेला नाही. पहिलं औषध लवकर आणि पूर्ण मात्रेत गेलं का, यावर तेवढेच तास घालवले तर रुग्णांचं अधिक भलं होईल.

पूर्ण मात्रा हा आणखी एक विषय. आपल्याकडे अर्ध्या अँप्यूलची एक परंपरा आहे. “आधी अर्धं देऊन बघतो, श्वास थांबला तर?” ही भीती मी शहरातही ऐकतो आणि खेड्यातही. भीती समजण्यासारखी आहे, आसपास व्हेंटिलेटर नसतो, आणि काही झालं तर जमाव दारात येतो. पण सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रुग्णवाहिकेतच औषध देऊन केलेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली, ती या भीतीला सरळ उत्तर देते. ज्यांना लोराझेपाम किंवा डायझेपाम मिळालं त्यांच्यात श्वास किंवा रक्ताभिसरणाची गुंतागुंत १०-११ टक्के होती. ज्यांना नुसतं खोटं औषध मिळालं त्यांच्यात २२ टक्क्यांहून जास्त. श्वास थांबवते ती फिट. अर्धी अँप्यूल देऊन वाट पाहायची म्हणजे रिसेप्टर आत जायला मुदत द्यायची.

लोराझेपामची एक व्यवहारी अडचण आहे, ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. ज्या उपकेंद्रात लसींच्या फ्रिजलाच दिवसभर वीज पुरत नाही तिथे ते कोण सांभाळणार? मिडाझोलामला फ्रिज लागत नाही आणि ते दंडात किंवा मांडीत दिलं तरी झपाट्याने चढतं. २०१२ च्या एका अमेरिकन चाचणीत रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी स्नायूत मिडाझोलाम दिलं तेव्हा ७३ टक्के रुग्णांची फिट दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबलेली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हा आकडा ६३. औषध म्हणून लोराझेपाम काही कमी नाही. झटके देणाऱ्या हातात शीर शोधण्यात जी मिनिटं जातात त्यांचा हा फरक.

रिसेप्टर सरावतो, ही गोष्ट मला सर्वांत ठळक दिसते ती श्रावणात. रोज पिणारा माणूस श्रावण पाळायचा म्हणून एकदम बाटली खाली ठेवतो. कुणी आषाढीला माळ घालतो. दारूही गाबाच्या रिसेप्टरला चालना देते आणि एनएमडीएला दाबते, म्हणून रोज पिणाऱ्याच्या मेंदूने त्याच्या उलट जुळणी करून ठेवलेली असते. शांत करणारे रिसेप्टर निबर, चेतवणारे वाढलेले. दारू थांबते आणि ही जुळणी उघडी पडते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येते. घरचे म्हणतात, “बघा, चांगल्या कामाला लागला आणि देवाने हे केलं.” बायको तर कधी कधी पुन्हा थोडी पाजायला तयार होते. त्यांना मी सांगतो की दारू सोडायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, काही दिवस औषधाचा आधार घेऊन.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. “पाळीच्या दोन दिवस आधी हमखास येते” हे आया मुलींबद्दल पूर्वीपासून सांगत आल्या. डॉक्टर मान हलवायचे आणि लिहायचे काही नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक द्रव्य तयार होतं, अ‍ॅलोप्रेग्नानोलोन, ते गाबाच्या रिसेप्टरला बळ देतं. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन घसरतं, त्याबरोबर हे बळही जातं. आयांचं निरीक्षण खरं होतं. मी आता मुलींना कॅलेंडरवर फिट आणि पाळी दोन्हींच्या खुणा करायला सांगतो.

याच द्रव्याभोवती एक मोठी आशाही बांधली गेली होती. ते ज्या रिसेप्टरवर खास जोर लावतं ते जोडाच्या बाहेर असतात आणि लांबलेल्या फिटमध्येही पृष्ठभागावर टिकून राहतात. मग भूल देऊनही न थांबणाऱ्या फिटवर हेच औषध द्यावं, असा तर्क. कागदावर तो फारच देखणा होता. ब्रेक्सानोलोन या नावाने त्याची मोठी चाचणी झाली आणि २०१७ साली ती अपयशी ठरली. पुढे २०१९ मध्ये तेच औषध बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत मंजूर झालं. उंदरावरचं चित्र खाटेवरच्या माणसावर जसंच्या तसं उतरत नाही, हे त्यावरून मी विद्यार्थ्यांना सांगतो. रिसेप्टर आत जाण्याचा बहुतेक पुरावाही प्राण्यांचाच आहे. पण तिथे निदान आमचा रोजचा अनुभव त्याला साक्ष देतो. उशिरा आलेला रुग्ण औषधाला दाद देत नाही, हे कॅज्युअल्टीतल्या मामांनाही ठाऊक आहे.

माणसाच्या मेंदूतले रिसेप्टर थेट पाहण्याची सोय आहे, नाही असं नाही. १९८८ मध्ये स्टॉकहोमच्या इवांका साविच आणि सहकाऱ्यांनी फ्लुमाझेनिल या द्रव्याला किरणोत्सारी कार्बन जोडून पेट स्कॅन काढले. जिथून फिट उगम पावते तिथे रिसेप्टरची घनता कमी दिसली. त्या कार्बनचं अर्धायुष्य अवघं २० मिनिटांचं, म्हणजे सायक्लोट्रॉन दवाखान्याच्या शेजारीच हवा. सोलापुरात बसून त्याबद्दल वाचावं, इतकंच.

गोळ्या बंद होण्याचं एक कारण मात्र सांगायलाच हवं, लग्न. मुलीला फिट येते हे सासरी सांगितलेलं नसतं, मग गोळ्या माहेरी राहतात. हळद, जागरण, उपास आणि गोळी नाही, इतकं एकत्र आलं की कुठलाही मेंदू दगा देईल. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार पूर्वी लग्न रद्द करण्याच्या कारणांत होता. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायद्यातून गेला, पण सोयरिकीच्या बैठकीत अजून आहे. मी आयांना सांगतो, लपवायचंच असेल तर दागिने लपवा, गोळ्यांचा डबा मुलीच्या हातात द्या.

ज्यांना औषध वेळेत मिळतं ते रुग्ण मला दिसत नाहीत, हे माझ्या कामाचं विचित्र स्वरूप. मंगळवेढ्याकडच्या एका शिक्षकाच्या मुलाला पूर्वी दोनदा आयसीयूत ठेवावं लागलं होतं. आता घरात मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे असतो. मोबाइलवर वेळ लावतात, पाच मिनिटांना स्प्रे मारतात, मूल झोपतं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो: “सर, काल रात्री आली होती, थांबली. यायची गरज आहे का?” कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात या यशाची नोंद होत नाही. कुठल्या शोधनिबंधातही नाही.

हा स्प्रे काही शे रुपयांत मिळतो, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि लहान गावात दुकानदाराला आधी सांगून मागवून ठेवावा लागतो. घरात फिटचं माणूस असेल तर पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. माणसाच्या वजनाप्रमाणे किती पफ, कुठल्या मिनिटाला, आणि त्यानंतरही थांबली नाही तर कुठे न्यायचं, हे त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या आणि ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मूल शाळेत जात असेल तर एक प्रत वर्गशिक्षकांना द्या. फिट आली की माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि सगळ्यात आधी घड्याळ पाहा.